चार मिनिटं अकरा सेकंद

वारा तीन दिवस पडायचं नाव घेत नव्हता. कोरडा, दातांत वाळू आणणारा वारा. खिडकीच्या फटीतून धूळ आत यायची आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसायची. सकाळी उठल्यावर ओटा पुसणं हे चुगलीबाईचं पहिलं काम. पुसायचा तोही अर्धाच. डावीकडचा अर्धा ओटा तिचा, उजवीकडचा वन्संचा. वन्संच्या अर्ध्यावर ढिगारा साठला तरी तिचं फडकं मधली फट ओलांडून जायचं नाही.

वन्सं म्हणजे तिच्या वारलेल्या नवऱ्याची थोरली बहीण. दोन खोल्यांचं घर वन्संच्या नावावर होतं. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ही काही हलली नाही आणि वन्संनी हाकललंही नाही. चहाचे डबे वेगळे, साखरेचे वेगळे, टीव्हीपुढच्या खुर्च्यासुद्धा वेगळ्या. भांडण तेवढं सामाईक.

भिंतीवरचं घड्याळ नऊ मिनिटं पुढे होतं. ही बया लवकर घराबाहेर पडावी म्हणून वन्संनीच ते पुढे केलेलं. चुगलीबाईला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तेव्हापासून ती मनातल्या मनात नऊ वजा करायची आणि शेवटचा घोट अगदी सावकाश घ्यायची.

"सव्वाआठ झाले," वन्सं म्हणाल्या.

"तुमच्या घड्याळात."

"तुमच्याकडे माल नासला म्हणे. खालच्या मजल्यावरची सांगत होती. एक अख्खी खोली फेकून दिली?"

"दिली."

"कुणाच्या तरी अंगावर शेकणार मग." वन्संनी आपल्या कपात साखर ढवळली, पुन्हा ढवळली. "तुझ्या अंगावर शेकलं तर आधी सांग बाई. पुढची खोली भाड्याने द्यायची म्हटलं तर माणूस बघायला महिनाभर जातो."

चुगलीबाईने कप धुतला, आपल्या बाजूला पालथा घातला आणि चपला पायात सरकवल्या. वन्सं गंमत करत नव्हत्या. त्यांना गंमत करताच यायची नाही.

नोकरी औषधांच्या शीतगृहात. चार थंड खोल्या, त्यांत इंजेक्शनांच्या कुप्यांची खोकी. बाहेर पॅकिंग, फाटकावर वॉचमन, वरच्या मजल्यावर सुपरवायझरची केबिन आणि मॅनेजरचं ऑफिस, जिन्याखाली चुगलीबाईचं टेबल. एकोणीस वर्षं त्याच जिन्याखाली. वरून कोण उतरतंय हे तिला पायांच्या आवाजावरून कळायचं, आणि त्यातला एकही पाय तिच्या टेबलाशी थांबायचा नाही.

"आले, हेड ऑफिसचे कान आले," फाटकावरचा वॉचमन म्हणाला. रोजच म्हणायचा.

"कान आहेत म्हणूनच तू किती घोरतोस ते कळतं," ती म्हणाली. हेही रोजचंच.

नाव पडलं ते असं. इथला प्रत्येक कॉम्प्युटर आपण काय केलं, आपल्याला काय झालं, त्याची एकेक ओळ लिहीत असतो. दार उघडलं. दार बंद झालं. थंडी दोन अंशांनी उतरली. भोंगा वाजला. कुणीतरी भोंगा बंद केला. अशा ओळी दिवसाला हजारोंनी. त्या सगळ्या सात मशीनवरून चुगलीबाईच्या मशीनवर यायच्या आणि तिचं मशीन त्या पुढे हेड ऑफिसला ढकलायचं. तिकडे त्या कायमच्या जपून ठेवत. मग कधी तिकडून मेमो यायचा, की पॅकिंगचं दार वीस मिनिटं सताड उघडं का होतं? पॅकिंगच्या बायकांना वाटायचं, हिनेच सांगितलं. सुरुवातीला तिने समजावून पाहिलं, "अगं, मी नाही सांगत, मशीन सांगतं." "हो ना," त्या म्हणाल्या, "आणि मशीन कोण सांभाळतं?" तेव्हापासून तिने समजावणं सोडलं. नाव गळ्यात ओळखपत्रासारखं घातलं आणि हिंडू लागली. स्वभावाने ती गोड होतीच अशातला भाग नाही. तिच्याकडे कुणी पेन मागायला गेलं तर ती आधी विचारायची, "मागचं कुठंय?"

या ओळींची एक खोड होती. पाठवलेली ओळ पुढे पोचली की नाही, हे पाठवणाऱ्याला कुणी कळवत नाही. टाकली की टाकली. दोन वर्षांपूर्वी एक वायर ढिली झाली आणि दोन दिवसांच्या ओळी वाऱ्यावर गेल्या. कुणाला पत्ता लागला नाही. लागला तेव्हा मेमो अर्थातच तिच्या नावाने आला. त्या दिवसापासून तिने फेरी सुरू केली. रोज सकाळी सातही मशीनपाशी स्वतः जायचं, हाताने एकेक ओळ टाइप करून पाठवायची, पाठवताना त्या मशीनवर किती वाजलेत ते वहीत लिहायचं, मग जिन्याखाली येऊन ओळ किती वाजता आली ते त्याच्यापुढे लिहायचं. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि केल्याबद्दल शाबासकीही कुणी दिली नव्हती.

ओळ ओळखू यावी म्हणून प्रत्येक मशीनला तिने एकेक शेलका शब्द नेमून दिला होता. पहिल्या खोलीतलं मशीन सुरू व्हायला वेळ लावायचं, त्याला "उठ मेल्या". दुसरं सारखं अडायचं, त्याला "आडमुठ्या". तिसऱ्या खोलीचा भोंगा काही नसताना बोंबलायचा, म्हणून "रडतराव, आज काय". चौथ्याला "ऐतखाऊ". पॅकिंगला "भवानी". फाटकाला "कुंभकर्णा". वरच्या केबिनमधल्या मशीनला "टिकोजीराव, जागे आहात का". सुपरवायझरने कुलूप उघडून दिल्यावर त्याच्या केबिनमध्ये हे टाइप करताना तिला जरा बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं.

त्या सकाळी ती फेरी संपवून खाली आली तर टेबलाला सुपरवायझर टेकून उभा होता. एरवी तो जिन्यावरूनच बोलायचा.

"बाई, तीन नंबरच्या खोलीचं कळलं एकदाचं." त्याने एक छापील कागद पुढे केला. हेड ऑफिसचा अहवाल होता. एका ओळीखाली लाल रेघ मारलेली. वेळ अकरा बेचाळीस. खोली तीन, भोंगा बंद केला. आणि पुढे मशीनचं नाव. तिच्या मशीनचं.

"मी नाही बंद केला."

"कागद म्हणतोय."

"कागदाला काय अक्कल? सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे. भोंगा कुठल्याही मशीनवरून बंद होतो."

"पण झाला कुठून?" त्याने लाल रेघेवर नख आपटलं. "हेड ऑफिसला पाठवता ना सगळं? मग आता तुमचंच पाठवलेलं वाचा." त्याने दुसरा कागद काढला. हा टाइप केलेला, खाली सहीपुरती जागा सोडलेली. माझ्याकडून नजरचुकीने भोंगा बंद झाला, खोलीचं दार नीट लागलेलं नव्हतं हे लक्षात आलं नाही, माल खराब झाला, वगैरे. "पाच वाजता मॅनेजरसमोर सही करा. नजरचूक म्हटलंय, बघा. मी तुमच्या बाजूनेच लिहिलंय."

"माझ्या बाजूने लिहिलंत तर मला नोकरीवर ठेवतील?"

"ते काही माझ्या हातात नाही." तो निघाला. दोन पायऱ्या चढून वळला. "आणि खोल्यांकडे एक चक्कर मारा. चार नंबरला दार वाजतंय."

ती उभीच राहिली. कागदावर तारीख होती. अहवाल हेड ऑफिसहून निघाला होता पाच दिवसांपूर्वी. तिच्या मशीनवर ओळींची एक प्रत राहायची, पाठवणाऱ्या मशीनच्या नावासकट, पण सातच दिवस, मग आपोआप पुसली जायची. घटनेला आज नऊ दिवस झाले होते. म्हणजे या माणसाने अहवाल आला त्या दिवशी दाखवला असता तर तिच्याकडे पुरावा असता. त्याने तो खणात ठेवला, दिवस मोजले आणि मग खाली आला.

आणि नाव? नावाचं पाप तिचं स्वतःचंच होतं. दोन वर्षांपूर्वी हेड ऑफिसने फर्मान काढलं होतं, तुमच्याकडून एकाच मशीनच्या नावाने ओळी यायला हव्यात, बाकीची नावं आमच्याकडे दारातच अडतात. ती आठवडाभर भांडली. शेवटी वैतागून म्हणाली, "मरू दे," आणि आपल्या मशीनवर असं काही करून ठेवलं, की पुढे जाणाऱ्या प्रत्येक ओळीवरचं मूळ नाव खोडलं जाईल आणि तिच्या मशीनचं नाव चढेल. चुकीचं आहे हे तिला तेव्हाही कळत होतं. पण रागाने केलेलं काम पुन्हा उघडून बघायची तिची पद्धत नव्हती.

पण तिने नावच तेवढं खोडलं होतं. ओळीच्या पोटात पाठवणाऱ्या मशीनने लिहिलेली त्याची स्वतःची वेळ असते. तिला तिने हात लावला नव्हता. अहवालात ती छापत नाहीत, तिथे फक्त हेड ऑफिसला ओळ कधी पोचली ते असतं. पूर्ण ओळ एकाच माणसाकडे होती.

या ओळी, म्हणजे लॉग, सांभाळणाऱ्या हेड ऑफिसच्या लॉगवाल्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. फोनवर त्याचा आवाज नाकातून यायचा.

"पूर्ण ओळ हवी आहे. नऊ दिवसांपूर्वीची, अकरा बेचाळीसची. पोटातल्या वेळेसकट."

"तुम्ही सात मशीनवाल्या डेपोतल्या ना?"

"हो."

"त्या बाई?"

"कुठल्या त्या बाई?"

पलीकडे खुर्ची करकरली. मग बांध फुटल्यासारखा तो बोलू लागला, "रोज सकाळी मला शिव्या घालणाऱ्या! दोन वर्षं मी गप्प बसलोय. उठ मेल्या. आडमुठ्या. ऐतखाऊ. सात शिव्या, बाई, रोज सात! मी नऊला येऊन बसतो आणि पडद्यावर पहिलं काय वाचतो, तर ऐतखाऊ! माझं वजन जास्त आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

चुगलीबाईने रिसीव्हर कानापासून लांब धरला. मग पुन्हा लावला. "तुमचं वजन गेलं खड्ड्यात. त्या शिव्या मशीनना आहेत. प्रत्येकाला एक."

"सात मशीनना? काहीतरी सांगू नका. साती तुमच्याच मशीनवरून येतात. नाव आहे ना तुमच्या मशीनचं!"

"हेच," ती म्हणाली. "अगदी हेच पाच वाजता मॅनेजरसमोर म्हणा. आणि त्या दिवशीच्या साती शिव्या काढून ठेवा, पूर्ण."

"असं कुणालाही देता येत नाही. मॅनेजरने मागितलं तर बघू."

"मग मॅनेजरच मागतील. जागेवर राहा."

"मी जागेवरच असतो," तो फुरंगटून म्हणाला. "कुठे जाणार हे वजन घेऊन?"

पाच वाजता मॅनेजरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर मॅनेजर, दुसरीवर सुपरवायझर. तिला बस म्हणायला तिसरी खुर्ची कुणी आणली नव्हती. दारात वॉचमन हजेरीचं रजिस्टर घेऊन सहीसाठी ताटकळत होता. मॅनेजर कायम दाढ दुखत असल्यासारखा गाल धरून बसायचा.

"बाई, सही करताय ना?"

"आधी हेड ऑफिसला फोन लावा. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा."

"वेळ काढताय्‌त, दुसरं काही नाही," सुपरवायझर म्हणाला.

"पाच दिवस तुम्ही काढलेत. मला पाच मिनिटं द्या."

मॅनेजरने गाल सोडला, एकदा सुपरवायझरकडे बघितलं आणि फोन लावला. लॉगवाल्याला त्याने काय हवं ते सांगितलं. लॉगवाला साहेबी भाषेत सुरू झाला, पण शिव्यांपाशी आल्यावर अडखळला.

"वाचू का, साहेब? बरोबर वाटत नाही."

"वाच रे बाबा."

"आठ पस्तीसला, उठ मेल्या. आठ अडतीसला, आडमुठ्या."

वॉचमनने रजिस्टर तोंडावर धरलं.

"सगळं एकाच नावाने आहे?" तिने विचारलं.

"एकाच. तुमच्या."

"साहेब, ही माझी वही." तिने वही मॅनेजरपुढे उघडून ठेवली. "पहिल्या खोलीत किती वाजता होते, दुसऱ्या खोलीत किती वाजता, सगळं आहे. मी जिन्याखाली बसून यातली एकही ओळ पाठवलेली नाही. तरी नाव माझ्याच मशीनचं लागतं. म्हणजे नावावरून काहीही कळत नाही. हे मीच करून ठेवलंय, हेड ऑफिसने एकच नाव मागितलं म्हणून. त्याचा मेमो द्यायचा तर द्या. भोंग्याचा देऊ नका."

"बरं, नाव सोडा," मॅनेजर म्हणाला. "मग भोंगा कुणी बंद केला?"

"आता पोटातली वेळ वाचा," ती फोनकडे वळून म्हणाली. "आधी भोंग्याच्या ओळीची."

"आमच्याकडे पोचली अकरा बेचाळीस आणि सहा सेकंदांनी. आत लिहिलंय," नाकातला आवाज थांबला, "अकरा सेहेचाळीस, सतरा सेकंद. हे कसं? पोचल्यानंतर पाठवली?"

"त्या मशीनचं घड्याळ चार मिनिटं अकरा सेकंद पुढे आहे. आता शिव्या बघा. पुढे कुठली?"

"उठ मेल्या, दोन सेकंद. आडमुठ्या, एक. रडतराव, तीन." तो वाचत गेला. चौथी, पाचवी, सहावी. "टिकोजीराव, जागे आहात का. पोचली आठ एक्कावन्न, तीस सेकंद. आत आठ पंचावन्न, एक्केचाळीस." त्याने मनात वजाबाकी केली असावी. "चार मिनिटं अकरा."

"टिकोजीराव कोण?" मॅनेजरने विचारलं.

 चुगलीबाईने वहीतल्या सातव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, केबिन.

सुपरवायझरच्या मानेला लाली चढली. "चार मिनिटं म्हणजे काय पुरावा झाला? घड्याळं मागेपुढे असतातच!"

"असतात ना. म्हणून तर मी पाच वेळा लेखी विचारलं, तुमचं घड्याळ लावून देऊ का. पाचही वेळा नाही म्हणालात. का ते सांगा की साहेबांना."

"माझं घड्याळ बरोबर आहे."

"साहेब, नाही हो बरोबर," दारातून आवाज आला. वॉचमन रजिस्टर छातीशी धरून पुढे सरकला होता. "माफ करा, मध्ये बोलतो. हजेरीचं कार्ड दाबायचं यंत्र त्याच मशीनला जोडलंय. आठला चार कमी असताना कार्ड दाबलं की आठ वाजून गेलेले दिसतात. तीन वेळा असं झालं की अर्धी रजा कापतात. माझ्या सहा गेल्या. या बाईंशी माझं काही देणंघेणं नाही, बाई म्हणजे नुसता ताप आहे. पण घड्याळ पुढे आहे ते आहे. मुद्दाम ठेवलंय. लोकांना शिस्त लागते, असं सर स्वतः म्हणाले होते मला."

मॅनेजरने पुन्हा गाल धरला. "केबिनची किल्ली कुणाकडे असते?"

ते सगळ्यांना माहीत होतं. माझ्या खुर्चीत दुसऱ्याचा वाराही बसत नाही, असं सुपरवायझर येताजाता खिसा थोपटून सांगायचा.

त्याने खिशाकडे हात नेला आणि मग तो हात मांडीवर ठेवला. "रोजच बोंबलतो तो भोंगा," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "आठवड्यात चार वेळा खोटा वाजला. कान किटले होते. मला काय माहीत, त्या दिवशी खरंच दार उघडं राहिलंय."

"मलाही माहीत नव्हतं," चुगलीबाई म्हणाली. "पण कागद टाइप करायला तुम्हाला पाच दिवस पुरले."

टाइप केलेला कागद तिने टेबलावरून उचलला, चार घड्या घातल्या आणि वहीत ठेवला. फाडला नाही. कुणावर कधी काय वेळ येईल सांगता येत नाही.

"अजून काही वाचू का?" फोनमधून नाकातला आवाज आला. त्याला सगळे विसरले होते.

ती घरी आली तेव्हा पुढच्या खोलीतलं तिचं कपाट भिंतीपासून हातभर सरकवलेलं होतं आणि वन्सं खोलीची लांबी टेपने मोजत होत्या.

"ठेवलं नोकरीवर," चुगलीबाई म्हणाली.

वन्संनी टेप सोडली. ती सर्रकन डबीत गेली. "बरं. कपाट तूच सरकव मग मागे. माझी कंबर धरलीय."

"तुम्हीच सरकवलंत ना पुढे?"

"पुढे ओढणं वेगळं," वन्सं म्हणाल्या आणि आपला कप घेऊन आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

सुपरवायझर महिन्याभराने दुसऱ्या डेपोवर गेला. जाताना त्याने सगळ्यांचा निरोप घेतला, तिच्या टेबलाला तेवढा वळसा घातला. हेड ऑफिसकडून तिला दोन कागद आले. एकात मेमो होता, मूळ नावं खोडल्याबद्दल, आणि हेड ऑफिसनेच तसं मागितलं होतं त्याचा त्यात एका अक्षराने उल्लेख नव्हता. दुसऱ्यात लिहिलं होतं, की यापुढे तपासणीच्या ओळी सभ्य भाषेत असाव्यात. तिने नावं पुन्हा जशीच्या तशी जाऊ दिली. मग पॅकिंगचं दार उघडं राहिलं तर मेमो थेट पॅकिंगला येऊ लागला, नावानिशी. केबिनचं घड्याळ तिने बरोबर लावलं. वॉचमनच्या रजा वाचल्या, आणि आपण किती वाजता येतो-जातो ते आता हेड ऑफिसला सेकंदासकट कळतं म्हणून तो आणखीच चिडला.

वारा पडला होता, पण धूळ होतीच. तिने अर्धा ओटा पुसला. घड्याळात सव्वाआठ, म्हणजे आठ वाजून सहा. फाटकावर वॉचमन म्हणाला, "आले, कान आले." ती म्हणाली, "घोर तू."

जाड कोट अंगावर चढवून ती पहिल्या खोलीत शिरली. कीबोर्डवर गार बोटांनी लिहिलं, खोली एक, तपासणी. वहीत वेळ मांडली. दुसरी, तिसरी, चौथी, मग पॅकिंग, फाटक. मॅनेजरकडून किल्ली घेऊन वर केबिनमध्ये आली. नवा सुपरवायझर अजून यायचा होता, खुर्चीवर पातळ धूळ बसली होती. ती उभ्यानेच टाइप करून खाली आली. जिन्याखालच्या पडद्यावर सातही ओळी आल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला.

"सगळ्या पोचल्या," नाकातला आवाज म्हणाला. त्याने आजवर कधी कळवलं नव्हतं. "तपासणी, तपासणी, तपासणी. कंटाळा येतो वाचायला."

"सभ्य पाहिजे होतं ना? मग घ्या सभ्य," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पेन शोधलं. फोन चालू असताना पॅकिंगमधली कुणीतरी घेऊन गेली होती. ती उठली, पॅकिंगपर्यंत गेली, आपलं पेन ओढून आणलं आणि वहीत पाठवल्याच्या सात वेळांपुढे पोचल्याच्या सात वेळा लिहू लागली.